शेताचे पीक आणि घराचा वाटा : गोमंतकातील गावकरी, कुळे व देवस्थाने

गोमंतकातील देवालयांचा इतिहास बहुधा मूर्तीची स्थापना, स्थलांतर, जीर्णोद्धार व उत्सवपरंपरा ह्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम योग्यच आहे. तथापि देवाच्या नैवेद्याचा तांदूळ ज्या शेतातून येतो आणि नंदादीपाचे तेल ज्या माडांच्या उत्पन्नातून येते, त्या शेताचा व त्या भाटाचा इतिहास अशा लेखनात क्वचितच आढळतो. गोमंतकात देवस्थान हे पूर्वापार जमीन धारण करणारे आहे आणि त्याचे महाजन हे बहुतांशी मूळ गावकरांचे वंशज आहेत. म्हणून गावच्या पिकाची वाटणी कशी होत असे, कोणाच्या घरी किती जात असे आणि कोणाचे घर रिकामे राहत असे, हा प्रश्न देवस्थानच्या इतिहासाशी अगदी निगडित आहे.

एकाच बांधाआड, एकाच पावसावर पिकणाऱ्या शेतावर चार घरे जगतात. एका घरी वर्षाचे भात साठते, दुसऱ्याला दसऱ्यापर्यंत पुरते, तिसरे उसनवारीवर दिवस काढते आणि चौथ्याला केवळ मजुरी मिळते. ह्या भेदाची कारणे जमिनीच्या कसात व पावसाच्या लहरीत काही प्रमाणात असतातच. परंतु गोमंतकाचा साडेचारशे-पाचशे वर्षांचा लिखित इतिहास पाहता असे दिसून येते की, पिकावर हक्क सांगणाऱ्यांच्या यादीत कोणाचे नाव आहे, यावरच घराची सुस्थिती मुख्यतः अवलंबून राहिली. ती यादी वेळोवेळी बदलली. प्रत्येक बदलाने काही नवी नावे आत आली आणि प्रत्येक वेळी काही नावे बाहेरच राहिली.

गावकरीची घडण

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. त्यानंतर महसूल अधिकारी अफोन्स मेशिया याने तेथील गावांच्या चालीरीतींची चौकशी करून त्या लेखनिविष्ट केल्या. १६ सप्टेंबर १५२६ चा हा दस्तऐवज ‘फोराल’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. प्राचीन काळी चार पुरुष एका ओसाड जागी आले, त्यांनी ती जमीन लागवडीखाली आणली, तेथे भरभराटीची वस्ती झाली आणि ह्या सुव्यवस्थेमुळेच त्यांना गावकर हे नाव मिळाले, अशी गावकरीची उत्पत्ती त्यात सांगितली आहे. ही कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक तत्त्व स्पष्ट आहे : ज्यांनी जमीन वसविली त्यांचा व त्यांच्या वंशजांचा गावावर हक्क. जमीन कोणा एकाची नसून साऱ्या गावकरांची सामायिक होती. पोर्तुगीजांनी तिला पुढे ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले.

गावकरीचा कारभार पद्धतशीर होता. भातशेते ठरावीक मुदतीने पावणीवर चढवीत. जो जास्त खंड कबूल करी त्याला शेत मिळे. आलेल्या उत्पन्नातून प्रथम सरकारी फाळा भरावयाचा, नंतर बांधबंदिस्ती, पाट व तळी यांचा खर्च, देवकृत्ये, कुळकर्णी व गावची कामे करणारे यांचा मेहनताना, आणि इतके भागल्यावर जे उरेल ते गावकरांत वाटावयाचे. ह्या वाटणीतील गावकराच्या हिश्शाला झोण म्हणतात. तूट आल्यास तिचा भारही गावकरांवर पडे. मानपानाचा क्रम ठरलेला होता. पेरणी-कापणीचा आरंभ कोणाच्या हातून व्हावा, विडा प्रथम कोणाला द्यावा, ह्याचे नियम फोरालमध्येही नमूद आहेत. नव्याच्या सणाला भाताच्या लोंब्या देवळात आणताना आजही अनेक गावी हा क्रम पाळला जातो.

ह्या व्यवस्थेचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि त्यास आधारही आहे. समुद्राच्या भरतीला अडवून भात पिकविणे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. सामायिक जमीन व सामायिक खर्च यांवाचून खाजनाची शेती उभीच राहिली नसती. परंतु सामायिक मालकी म्हणजे समान उत्पन्न असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोमंतकाचेच सुपुत्र. जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर त्यांनी १९४७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि ह्या संस्थेकडे भावनेने न पाहता एक आर्थिक व्यवस्था म्हणून पाहण्याची दिशा दाखविली.

त्या दृष्टीने पाहता गावात किमान चार थर दिसतात. पहिला गावकरांचा, त्यांना जन्माने झोण मिळे. दुसरा कुळाचाऱ्यांचा, हे मागाहून येऊन स्थायिक झालेले लोक. काही गावी त्यांना उत्पन्नाचा मर्यादित वाटा मिळे, पण कारभारात त्यांचा शब्द गावकरांइतका चालत नसे. तिसरा गावची व देवळाची सेवा करणाऱ्यांचा. त्यांच्या निर्वाहासाठी जमिनी नेमून दिलेल्या असत. चौथा थर केवळ हातांच्या बळावर जगणाऱ्यांचा. नांगरणी, चिखलणी, लावणी, कापणी, मळणी ही सारी कामे त्यांच्या अंगावर होती. त्यांचे नाव मात्र कोणत्याच वाटणीत नव्हते. गावडा, कुणबी व वेळीप समाजाकडे परंपरेने ह्या भूमीचे आद्य कष्टकरी म्हणून पाहिले जाते. डोंगरउतारावर कुमेरी शेती करून नाचणी व वरी पिकविणारी त्यांची घरे ह्या यादीबाहेरच राहिली, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पावणीच्या पद्धतीतही एक मेख होती. लिलावात बोली देण्यास पत व रोकड लागे. ज्याच्यापाशी ती होती तो शेत घेई आणि ज्याच्यापाशी केवळ बैलजोडी होती त्याला तेच शेत अर्धेलीने कसावयास देई. अशा रीतीने कसणारा व गावकरी यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा राहिला आणि पिकातील पहिला मोठा वाटा त्याच्याकडे जाऊ लागला.

देवस्थानच्या जमिनी

गावच्या उत्पन्नात देवाचा वाटा प्रथमपासून होता. पूजाअर्चा, दिवाबत्ती, वाद्यसेवा, पालखी, झाडलोट यांसाठी स्वतंत्र शेते व भाटे राखून ठेवलेली असत. पुजारी, वाजंत्री, देवळी, म्हालो, मडवळ, कुंभार अशा सेवेकऱ्यांचा निर्वाह त्यांवर चाले. ह्या जमिनींना नमशी म्हणत. सेवा आणि जमीन यांची अशी सांगड असल्याने सेवेकऱ्यांच्या घराला पोटापुरते अन्न मिळे. पण सेवा सुटली की जमीनही सुटे. त्यांचे जीवन त्यामुळे सुरक्षितही होते आणि बांधलेलेही होते.

सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळविण्यात आले. सासष्टी व बारदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. पुढे तेथेही तेच घडले. ह्या घटनेचे धार्मिक दुःख सर्वांना ठाऊक आहे. तिची आर्थिक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. मूर्ती नेता आली, शेत नेता आले नाही. देवाबरोबर निघालेली कुटुंबे अंत्रुज महालात व अन्यत्र गेली तेव्हा त्यांचे गावावरील हक्क, झोण व नमशी मागे राहिल्या. नव्या ठिकाणी देवाला आश्रय मिळाला, पण नित्यखर्चासाठी नव्याने जमीन मिळवावी लागली. श्रीमंगेशाची कुठ्ठाळीहून प्रियोळास स्थापना झाल्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १७३९ मध्ये, रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नांनी पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानास इनाम मिळाला. अशा इनामांमुळे देवस्थाने पुन्हा स्थिरावली. त्याचबरोबर ती त्या गावातील कसणाऱ्यांची धनीही झाली.

फोंडे, सांगे, केपे व काणकोण हे महाल १७६३-६४ च्या सुमारास, तर डिचोली, सत्तरी व पेडणे १७८१ ते १७८८ ह्या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले. ह्या नव्या काबिजादीत धर्माला धक्का न लावण्याचे धोरण ठेवल्याने देवस्थाने व त्यांच्या जमिनी बचावल्या. पुढे १८८६ मध्ये देवस्थानांच्या कारभारासाठी माझानींचे नियम झाले आणि १९३३ मध्ये ते सुधारून नव्याने जारी झाले. महाजन कोण, त्यांचे अधिकार कोणते, जमाखर्च कसा ठेवावा, हे सारे कायद्याने ठरले. महाजनांची नावे नोंदपुस्तकात आली. देवाची शेती कसणाऱ्याचे नाव मात्र केवळ खंड भरणारा म्हणून खातेवहीत राहिले.

भाग, भाटकार आणि मुंडकार

एकोणिसाव्या शतकापर्यंत गावकरीच्या मूळ स्वरूपात पुष्कळ फरक पडला होता. गावावरील कर्ज भागविण्यासाठी व रोकड उभी करण्यासाठी गावच्या उत्पन्नातील भाग विकले जाऊ लागले. हे भाग हस्तांतर करता येत. ज्याचा गावाशी रक्ताचा संबंध नाही असाही मनुष्य पैसे देऊन भागधारक होऊ शके. फिलिप नेरी शाव्हियेर यांनी १८५२ मध्ये कोमुनिदादींचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला, त्यावरून ह्या गुंतागुंतीची कल्पना येते. पुढे १९०४ च्या संहितेने कोमुनिदादींचा कारभार सविस्तर नियमबद्ध केला आणि १९६१ च्या संहितेने तिची जागा घेतली. जन्माच्या हक्काशेजारी अशा प्रकारे पैशाचा हक्क येऊन बसला. श्रमाला अजूनही जागा मिळाली नव्हती.

ह्याच काळात डोंगरपायथ्याच्या व किनाऱ्याच्या माडबागायतीचे खासगी मालक, म्हणजे भाटकार, बलवान झाले. त्यांच्या भाटात झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. मुंडकाराने भाटाची राखण करावी, नारळ पाडताना हजर राहावे, भाटकाराच्या घरी लग्नकार्य असल्यास राबावे, अशी रीत होती. त्याबद्दल राहण्यास जागा मिळे. पण ती जागा केव्हाही सोडावी लागेल ही टांगती तलवार कायम असे. मजुरीचा दर वाढवून मागणे त्याला कठीण होते, कारण घर आणि काम दोन्ही एकाच धन्याच्या हाती होते. उत्पन्नातील विषमता केवळ पैशात मोजता येत नाही, हे मुंडकाराच्या उदाहरणावरून चांगले कळते.

स्त्रियांची स्थिती ह्याहून विलक्षण होती. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८७० पासून गोमंतकात लागू झाली आणि तिने मुलीलाही वारसाहक्क दिला. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळे नियम झाले, तरी वारशाच्या बाबतीत गोमंतकीय स्त्री शेजारच्या प्रांतांतील स्त्रीपेक्षा कायद्याने पुढे होती. परंतु गावकरीचा झोण पुरुष वंशजांनाच मिळत राहिला. लावणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या, निंदणी-कापणी करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी आणि गावच्या वाटणीत त्यांचे स्थान शून्य.

शेतीबाहेरच्या उत्पन्नाचा प्रश्नही याच शतकात पुढे आला. १८७८ च्या आंग्ल-पोर्तुगीज तहान्वये मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. हा तह १८९२ पर्यंत अमलात होता. भातशेतीला जोड म्हणून मिठागरांवर काम करणाऱ्या कुटुंबांचा आधार त्यामुळे तुटला. मुंबई, कराची, पूर्व आफ्रिका येथे आणि आगबोटींवर कामधंद्यासाठी जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. मुंबईत गावोगावच्या लोकांनी आपापले कूड स्थापन केले. ज्या घरातील एखादा मनुष्य बाहेर कमावता झाला, त्या घरी मनिऑर्डर येऊ लागली. ज्या घरी तसा कोणी नव्हता, ते घर पुन्हा पावसावर आणि धन्यावर अवलंबून राहिले. शेत सारखेच, पण घरे वेगळी, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

कुळकायदा

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर यांचे लोकनियुक्त सरकार अधिकारावर आले आणि १९६४ मध्ये गोवा, दमण व दीव कृषी कुळवहिवाट कायदा संमत झाला. कुळाला शेतावरून मनमानीने काढता येऊ नये आणि खंड पिकाच्या एकषष्ठांशाहून अधिक असू नये, ही त्याची दोन मुख्य तत्त्वे होत.

ह्या तरतुदीचे महत्त्व एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतात बारा खंडी भात पिकले. अर्धेलीच्या रिवाजाने सहा खंडी धन्याकडे जात आणि सहा कुळाकडे राहत. बियाण्याची एक खंडी बाजूला काढली तर कुळाच्या घरी पाचच खंडी उरत. खंड एकषष्ठांश झाल्यावर धन्याकडे दोन खंडी जातात व कुळाकडे दहा राहतात. बियाणे वजा जाता नऊ. शेत तेच, पाऊस तोच, श्रम तेच. पण कुळाच्या घरचे धान्य जवळजवळ दुप्पट झाले आणि धन्याचे तिसऱ्या हिश्श्यावर आले. पिकाची वाढ न होताही घराचे उत्पन्न किती बदलू शकते, याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९७५ मध्ये मुंडकारांना घरातून निष्कासित करण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. राहते घर व त्याभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या हद्दीत तीनशे व अन्यत्र दोनशे चौरस मीटरांचे प्रमाण ठरले. १९७६ मध्ये, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, कुळकायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जावे असे तत्त्व मान्य झाले. ह्या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळाले. पुढे १९८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिचा समावेश संविधानाच्या नवव्या परिशिष्टात करण्यात आला.

ह्या कायद्यांमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांत मोठे भाटकार होते, तसेच दोन-चार शेतांच्या खंडावर गुजराण करणारी लहान घरेही होती. खंडावर चालणाऱ्या देवस्थानांपुढेही नित्यखर्चाचा प्रश्न उभा राहिला आणि पूर्वी भाताने भागणारा खर्च देणग्यांतून व अभिषेक-पूजांच्या शुल्कातून भागविण्याकडे कल वाढला. ही अडचण खरी होती. परंतु तिचा विचार करताना दुसरी बाजूही पाहणे न्याय्य होईल. ज्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या देवाचे शेत कसले, त्याच्या घरी प्रथमच वर्षाचे धान्य राहू लागले, मुले शाळेत गेली, कौलारू घरे उभी राहिली. देवाच्या कोठीतून कमी झालेला तांदूळ भक्ताच्याच घरी गेला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

तथापि हा बदलही सर्वांपर्यंत पोहोचला नाही. कूळ म्हणून ज्याचे नाव लागले त्याला लाभ झाला. ज्याचा करार तोंडी होता, ज्याचे शेत दर वर्षी बदलले जाई, किंवा जो केवळ मजुरीवर राबे, त्याला कायद्याच्या दारात उभे राहण्यास पुरावाच नव्हता. नावे बहुधा घरातील कर्त्या पुरुषाची लागली. त्याच्याबरोबर तेच शेत लावणारी व कापणारी स्त्री कागदावर दिसली नाही. गावकर, भागधारक आणि आता कूळ, अशी यादी वाढत गेली. मजुराचे घर तिच्याबाहेर राहिले.

खाजनाचा बांध

वाटणीचा प्रश्न सुटत असताना सामायिक जबाबदारीचा प्रश्न मात्र बिकट झाला. गोमंतकातील खाजन शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. चिखलाचे व जांभ्या दगडाचे बांध आणि लाकडी दारांचे मानस यांवर त्यांचे अस्तित्व टिकून आहे. भरतीला मानसाची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात. पावसाचे पाणी बाहेर जाते, खारे पाणी आत येत नाही. बांधाला एक खिंड पडली तरी शेकडो शेते खारी होतात आणि पुन्हा पिकती होण्यास काही पावसाळे जावे लागतात. खारेपणा सोसणारे कोरगुट भात अशा जमिनीसाठीच जपले गेले.

पूर्वी बांधाची निगा गावकरीच्या उत्पन्नातून होत असे. खंड घटला व कुळे मालक होऊ लागली तेव्हा हा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न आला. १९७५ च्या नियमांनी ही जबाबदारी कुळांच्या संयुक्त संस्थांकडे, म्हणजे लोकांच्या बोलीत टेनंट असोसिएशनांकडे, सोपविण्यात आली. मानसाजवळच्या मासेमारीचा लिलाव करावा व ते उत्पन्न बांधासाठी खर्चावे, अशी योजना होती. काही ठिकाणी ती नीट चालली. काही ठिकाणी मात्र भातापेक्षा कोळंबी व मासळी यांचा पैसा अधिक वाटू लागला, खारे पाणी आत राखले गेले आणि बांधाआडच्या लहान शेतकऱ्याचे भात बुडाले. बांधाच्या दुरुस्तीस पदरचे पैसे घालू शकणारा तग धरतो. ज्याच्यापाशी एकच शेत आहे तो शेत पडीक टाकून मजुरीस जातो.

खाणींनीही हेच केले. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून डिचोली, सत्तरी व सांगे भागांत लोहखनिजाचा व्यवसाय वाढला. ट्रक घेणाऱ्या घराला पैसा मिळाला. त्याच खाणीचा गाळ पावसाळ्यात शेजारच्या शेतात उतरला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकाचे उत्पन्न थांबले, पण गाळाने भरलेले शेत लगेच पिकते झाले नाही.

सद्यःस्थिती

गोमंतकाचे हे चित्र देशाच्या चित्रापासून फार दूर नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत भारतातील सरासरी वहितीचे क्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आले. दोन हेक्टरांहून कमी जमिनीचे खातेदार सुमारे ८६ टक्के, आणि त्यांच्याकडील जमीन एकूण जमिनीच्या सुमारे ४७ टक्के. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ मध्ये ६,४२६ रुपये होते, ते २०१८-१९ मध्ये १०,२१८ रुपये झाले. ही सरासरी फसवी आहे. त्याच वर्षी मेघालयात ती २९,३४८, पंजाबात २६,७०१, तर झारखंडात अवघी ४,८९५ रुपये होती.

ह्या आकड्यांत एक गोष्ट विशेष लक्ष वेधते. २०१२-१३ मध्ये ह्या कुटुंबांना पिकापासून ३,०८१ रुपये व मजुरी-पगारातून २,०७१ रुपये मिळत. २०१८-१९ मध्ये पिकापासून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये मिळाले. म्हणजे शेतकरी म्हणविणाऱ्या घराचा मोठा आधार आता शेत राहिलेले नाही. गोमंतकात हे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. आज त्याच गावात एका घरी बोटीवरचा किंवा सरकारी नोकरीचा पगार येतो, दुसरे घर पर्यटनावर चालते आणि तिसरे खरोखरच शेतावर अवलंबून आहे. पहिल्याला शेत ही वडिलार्जित आठवण आहे. तिसऱ्याला ते पोट आहे. पहिल्याच्या शेताचा तुकडा पडीक राहिला तर त्याचे काही बिघडत नाही. पण त्या पडीक तुकड्यातून तण, उंदीर व फुटक्या बांधाचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते. दुसऱ्याला कसावयास द्यावे तर कूळ लागेल ही भीती अनेकांना वाटते. जो कायदा कसणाऱ्याच्या संरक्षणासाठी झाला, त्याच्याच धास्तीने नव्या कसणाऱ्याला शेत मिळत नाही, अशी ही अडचण आहे.

२०२३ मध्ये गोवा विधानसभेने भातशेती बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. जमीन शेतीसाठीच राहावी हा त्यामागील हेतू उचित आहे. परंतु शेत राखले तरी शेतकरी राखला जाईलच असे नाही. बांध दुरुस्त राहावा, पडीक शेत लेखी कराराने निर्धास्तपणे कसावयास देता-घेता यावे, आणि राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे कोठेतरी नोंदली जावीत, ह्या तीन गोष्टी झाल्यावाचून लहान घराच्या पदरात काही पडणार नाही.

ह्या कामी देवस्थानांना करण्यासारखे बरेच आहे. ज्यांच्या ताब्यात अद्याप शेते आहेत, त्यांनी ती पडीक न ठेवता गावातील गरजू कुटुंबांना, गटांना वा भगिनी मंडळांना रीतसर लेखी कराराने द्यावीत. बांध व मानस यांच्या दुरुस्तीस उत्सवाच्या खर्चाप्रमाणेच अंदाजपत्रकात जागा द्यावी. नैवेद्याचा व महाप्रसादाचा तांदूळ शक्यतो गावातीलच शेतकऱ्यांकडून रास्त भावाने घ्यावा. देवस्थानच्या कपाटांतील जुन्या खंडाच्या वह्या ही तर अमोल सामग्री आहे. मोडी लिपीतील व पोर्तुगीज भाषेतील ह्या वह्यांत देवाचे शेत कोणी कसले, किती भात आणून घातले, कोणत्या साली बांध फुटल्यामुळे सूट मिळाली, याची नोंद आढळू शकेल. वाळवीच्या मुखी पडण्यापूर्वी त्या वाचल्या व प्रसिद्ध केल्या पाहिजेत.

स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातात आणि ती छापली जाणे योग्यच आहे. त्यांच्याच शेजारी देवाची शेते कसणाऱ्या कुळांची, नमशीवर सेवा करणाऱ्या घराण्यांची व बांध राखणाऱ्यांची नावे वह्यांतून शोधून छापली गेली, तर हक्कदारांच्या ज्या यादीत त्यांना शतकानुशतके स्थान मिळाले नाही, त्या यादीतील एक उणीव तरी भरून निघेल. नव्याच्या दिवशी देवापुढे वाहिलेली लोंबी कोणाच्या हातची होती, हे पुढच्या पिढीला कळणे हाही देवस्थानच्या इतिहासाचाच एक भाग होय.